माणदेशाच्या माळावरून रात्रीचं आकाश टिपताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात राहतो, आजोळ म्हसवडकडचं. आकाशगंगेचा फोटो कुठेही दाखवला की पहिला प्रश्न येतो, ‘हा कुठला? लडाख का?’ माणमधला आहे म्हटलं की पुढचे प्रश्न सुरू होतात. ते नेहमीचेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

असे फोटो काढायला वाळवंटातच जावं लागतं ना? आपल्याकडे कुठलं वाळवंट?

वाळवंट नाही, खरं आहे. पण लोक वाळवंटात कशासाठी जातात ते बघा. कोरडी हवा, चहूबाजूंनी मोकळं क्षितिज आणि उजेड करणारी वस्ती विरळ. चिलीच्या अटाकामात मोठमोठ्या दुर्बिणी बसवल्या त्या याच कारणांनी. लडाखमधल्या हानलेला त्यात साडेचार हजार मीटरच्या उंचीची भर पडते. २०२२ मध्ये हानलेचं आकाश राखीव म्हणून जाहीर झालं. महाराष्ट्रातही २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला काळोख्या आकाशासाठी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

हानलेची बरोबरी इथे होणार नाही. पण माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात त्या तिन्ही गोष्टी बऱ्यापैकी सापडतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणला ५०० च्या आसपास, कारण ढग सह्याद्रीवरच रिते होतात. याच कोरडेपणामुळे इथली माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. तोच कोरडेपणा फाल्गुन-चैत्राच्या रात्री डोक्यावर काय उघडून ठेवतो, ते एकदा माळावर पाठ टेकून बघा. मला या भागाला नुसतं ‘दुष्काळी’ म्हटलेलं आवडत नाही, त्याचं हे एक कारण.

नेमकं कुठे जायचं?

माझ्या ठरलेल्या माळाचा पत्ता मी देत नाही. तिथे मेंढरांचे वाडे उतरतात आणि गाड्यांची रांग लागली तर त्यांचीच अडचण होते. पण जागा कशी शोधायची ते सांगतो.

आकाशगंगेचा सगळ्यात भरलेला भाग, म्हणजे वृश्चिक आणि धनूकडचा, आग्नेयेला उगवतो. त्यामुळे मोठं गाव पाठीशी, पश्चिमेला ठेवा आणि आग्नेय मोकळी ठेवा. दहिवडी-म्हसवड भागात उत्तरेला फलटण-बारामतीचा उजेड दिसतो, दक्षिण आणि आग्नेय बरी असते. जत तालुक्यात सांगली-मिरजेची प्रभा पश्चिमेला राहते आणि विजयपूरची पूर्वेला, मधला पट्टा काळा. खानापूर तालुक्यातला बाणूरगडाचा परिसर, आटपाडीच्या वरचे माळ, खटावात भूषणगडाच्या मागचा भाग, हे सगळं दिवसा फिरून बघण्यासारखं आहे. शिखर शिंगणापूरचं देऊळ फोटोत फार सुरेख येतं, पण चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत तिकडे काळोख मिळणार नाही.

कृष्णाकाठ मात्र सोडा. कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत कारखाने, महामार्ग आणि गावांची दाटी आहे. हंगामात उसाचं पाचट पेटवतात, तो धूर कित्येक दिवस खाली बसून राहतो.

कास पठारावर का नाही?

कास वनखात्याच्या ताब्यात आहे, पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून त्याचा समावेश आहे, आणि अंधारात तिथे एक पाऊल चुकीचं पडलं तर कातळावरची माती आणि त्यातले कंद चिरडले जातात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तर रात्री जायचा विषयच नाही. शिवाय घाटमाथ्यावर दव आणि धुकं जास्त. आपल्या कामाला पूर्वेचा माळच बरा.

कोणते महिने चांगले?

आकाशगंगेच्या गाभ्यासाठी फेब्रुवारी ते मे. फेब्रुवारीच्या शेवटी तो पहाटे अडीचच्या सुमारास उगवतो, मार्चअखेर साडेबाराच्या आसपास, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अकराला आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात नऊला. उगवल्यावर तास-दीड तास थांबा. क्षितिजालगतच्या धुळीतून वर आल्यावरच तो फोटोत उठून दिसतो.

जून ते सप्टेंबर ढग. ऑक्टोबरमध्ये पाऊस हटला की संध्याकाळी साडेसातपासून साधारण दीड तास गाभा नैऋत्येला उतरताना सापडतो. पावसानं हवा धुतलेली असते आणि माळ अजून हिरवट असतो. फार थोड्या रात्री मिळतात, पण मिळाल्या तर सोडू नका.

नोव्हेंबर ते जानेवारी मृग, रोहिणी, कृत्तिका आणि व्याधाचे. इथे एक गंमत सांगतो. जूनमध्ये शेतकरी ज्या मृगाची वाट बघतो, तो मृग तेव्हा रात्री दिसत नाही, कारण सूर्यच त्या नक्षत्रात असतो. ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृगात आला. तेच नक्षत्र थंडीत रात्रभर डोक्यावर असतं. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना आमच्याकडची जुनी माणसं तिकांडं म्हणतात.

वैशाखातल्या वळवाबद्दल वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये हवेत धूळ असते, आकाश राखाडी दिसतं. पण दुपारी वळीव झोडपून गेला आणि रात्री उघडलं, तर त्या रात्रीसारखी पारदर्शक हवा वर्षात क्वचितच लाभते. माझे सगळ्यात चांगले तीन फोटो वळवानंतरच्या रात्रीचे आहेत. फक्त दूर कुठे वीज चमकत असेल तर माळावर ट्रायपॉड रोवून उभं राहू नका.

अमावास्येलाच जावं लागतं का?

नाही. आणि केवळ या समजापायी लोकांच्या अर्ध्या रात्री वाया जातात.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा, तेवढं पुरतं. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. पुढे प्रत्येक तिथीला अंदाजे पाऊण ते एक तास वाढवत जा. म्हणजे शुद्ध दशमीचा चंद्र रात्री दोनच्या आसपास जातो. मार्चमध्ये गाभा चांगला वर येतोच अडीचनंतर, तेव्हा दशमीपर्यंतच्या सगळ्या पहाटा तुमच्या. उलट मे महिन्यात संध्याकाळपासूनच काम करायचं असेल तर वद्य अष्टमीनंतरचे दिवस धरा.

शुद्ध तृतीया-चतुर्थीची कोर मला आवडते. ती मावळेपर्यंत माळावर हलका उजेड असतो, बाभळी आणि दगडी ताली दिसतात. तेवढ्यात जमिनीचे फोटो काढून घ्यायचे, मग आकाशाचे.

आणि गावाकडे फोन करून विचाराल तर शब्द जपून वापरा. मामांना एकदा विचारलं, ‘मामा, चांदणं कसं आहे?’ ते म्हणाले, ‘टिपूर पडलंय बघ, सुई हुडकावी असं. ये लगेच.’ त्यांचं बरोबरच होतं, ती त्रयोदशी होती. मी चांदण्या विचारत होतो, ते चंद्रप्रकाश सांगत होते. आता मी विचारतो, ‘अंधार कसा आहे?’

माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. जमेल का?

जमेल. मोबाईल दगडावर किंवा छोट्या ट्रायपॉडवर घट्ट ठेवा, हातात धरू नका. नाइट मोड लावा, तीन सेकंदांचा टायमर लावा. काही फोनमध्ये आकाशासाठी वेगळा मोड असतो. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये तो २०१९ पासून आहे आणि तो एका फोटोसाठी चार मिनिटांपर्यंत प्रकाश गोळा करतो. प्रो मोड असेल तर आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२००, शटर १५ ते ३० सेकंद आणि फोकस अनंतावर. मोठ्या प्रिंटला पुरणार नाही, पण वृश्चिकाची नांगी आणि आकाशगंगेचे काळे पट्टे नक्की येतील.

कॅमेरा आणि लेन्स कुठली घेऊ?

आधी घेऊ नका. जवळ जो कॅमेरा असेल त्यावर पाच-सहा रात्री काढा. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिलीमीटरची लेन्स १८ वर आणि ॲपर्चर (लेन्सचं भोक, आकडा जितका लहान तितकं ते मोठं) ३.५ वर ठेवून सुरुवात होते. नंतर एकच वस्तू घ्यायची असेल तर २.८ किंवा त्याहून मोठ्या ॲपर्चरची रुंद लेन्स घ्या. महागड्या बॉडीपेक्षा तिचा उपयोग जास्त.

ट्रायपॉडवर कंजूषी नको. माळावर वारा असतो. मधली दांडी वर काढू नका, पाय पूर्ण पसरा आणि खाली बॅग अडकवा. बॅग लोंबकळत ठेवू नका, जमिनीला टेकू द्या, नाहीतर तीच झोके घेऊन सगळं हलवते.

सुरुवातीचं सेटिंग सांगा ना.

मॅन्युअल मोड, रॉ फाइल, ॲपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ ३२००, व्हाइट बॅलन्स ४००० केल्व्हिनच्या आसपास. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. दोन सेकंदांचा टायमर.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं याचा जुना हिशोब म्हणजे ५०० ला लेन्सच्या मिलीमीटरनं भागायचं. छोटा सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) असेल तर आधी मिलीमीटरला दीडनं गुणायचं. १८ ची लेन्स छोट्या सेन्सरवर २७ झाली, ५०० भागिले २७ म्हणजे १८ सेकंद. पण आजच्या कॅमेऱ्यांत पिक्सेल बारीक असतात, १८ सेकंदांत तारे किंचित लांबट दिसतात. मी ५०० ऐवजी ३०० धरतो, म्हणजे ११ सेकंद. प्रकाश कमी पडला तर तेच दृश्य दहा वेळा काढून नंतर एकत्र करतो.

पडद्यावर फोटो बघून फसू नका. अंधारात सरावलेल्या डोळ्याला काळपट फोटोसुद्धा उजळ वाटतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला काळोख डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणारा आलेख बघा. त्यातला डोंगर डाव्या भिंतीला चिकटलेला नको, थोडा सुटलेला हवा.

तारे धूसर येतात. फोकस कसा करायचा?

यावर जास्त वेळ देतो, कारण सगळ्यात जास्त रात्री इथेच बुडतात.

ऑटोफोकस बंद करा. लेन्सवर अनंताची खूण असली तरी तिच्यावर विसंबू नका, बहुतेक लेन्समध्ये खरा फोकस त्या खुणेच्या थोडा अलीकडे असतो. कॅमेरा एखाद्या ठळक ताऱ्याकडे वळवा, थंडीत व्याध, उन्हाळ्यात स्वाती किंवा ज्येष्ठा. लाइव्ह व्ह्यू सुरू करून तो तारा दहापट मोठा करा. आधी तो फुगलेल्या बुंदीसारखा दिसतो. रिंग अगदी हळू, नखभर फिरवा. बुंदी लहान होत मोहरी होते, मग खसखस. थोडं पुढे गेलात की तिच्याभोवती जांभळट किंवा हिरवट कड उमटते आणि ती पुन्हा फुगू लागते. तिथून मागे या. अशी दोन-तीनदा ये-जा केली की सगळ्यात बारीक जागा बोटांना कळते. मग रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा आणि पहिला फोटो मोठा करून कोपऱ्यांपर्यंत तपासा.

२०१९ च्या मार्चमध्ये मी हे सगळं नीट केलं आणि पट्टी लावली नाही. कॅमेरा आग्नेयेकडे वळवताना बोट रिंगला लागलं. पहाटे तीन ते साडेपाच, १४० फोटो, एकही कामाचा नाही. तेव्हापासून पट्टीचं बंडल ट्रायपॉडच्या पायालाच अडकवलेलं असतं, आणि तासाभरानं फोकस पुन्हा तपासतो, कारण रात्री गारवा वाढला की काचही जराशी सरकते.

ध्रुवाभोवती फिरणारी वर्तुळं काढायची आहेत.

आपल्याकडे ध्रुव फार खाली असतो. तो क्षितिजापासून अक्षांशाइतक्याच उंचीवर दिसतो, म्हणजे इथे १७ अंशांच्या आसपास. हात लांब करून मूठ धरली की ती दहा अंश, तेव्हा दोन मुठींपेक्षाही खाली. त्यामुळे उत्तरेचं क्षितिज डोंगरानं किंवा गावाच्या उजेडानं अडलेलं नको. सप्तर्षींचे पुढचे दोन तारे जोडून रेष वाढवली की ध्रुव सापडतो. आमच्याकडे सप्तर्षींना बाज म्हणतात: चार तारे म्हातारीच्या बाजेचे खूर, मागचे तीन ती ओढून नेणारे चोर.

एकच लांब फोटो काढण्यापेक्षा ३० सेकंदांचे १२० फोटो सलग काढा आणि स्टारस्टॅक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर दर फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ थांबतो आणि वर्तुळं तुटक येतात. तासाभरात तारे १५ अंश सरकतात. भरीव वर्तुळं हवी असतील तर तीन तास द्या आणि पॉवर बँक लावा.

दक्षिणेकडे बघण्यासारखं काय?

दिल्ली-लडाखच्या लोकांना जे नीट मिळत नाही ते आपल्याला मिळतं. थंडीत अगस्त्य वीस अंशांपर्यंत चढतो. एप्रिल-मेच्या रात्री त्रिशंकू, म्हणजे दक्षिणेचा क्रूस, क्षितिजावर उभा राहतो. जेमतेम बारा अंश, त्यामुळे दक्षिण पार मोकळी हवी. आकाशगंगेचा गाभा आपल्याकडे ४३ अंशांपर्यंत येतो. युरोपातले लोक तो क्षितिजाच्या धुरकट कडेवर कसाबसा टिपतात.

आणि उल्का?

१३-१४ डिसेंबरचा मिथुन राशीतला वर्षाव धरा. ऑगस्टचा ययाती तारकासमूहातला वर्षाव आपल्याकडे ढगांत जातो. रुंद लेन्स, १५ सेकंदांचे सलग फोटो, आणि स्वतः सतरंजी टाकून वर बघत पडायचं.

रात्री माळावर भीती कशाची?

लोक लांडग्याचं विचारतात. लांडगा इथे आहे, पण माणसाची चाहूल लागली की तोच दूर जातो. वाड्यावरची कुत्री मात्र अनोळखी माणसाला सोडत नाहीत. वाडा दिसला तर लांबूनच हाक द्या, मेंढपाळ कुत्री आवरेपर्यंत पुढे जाऊ नका.

माझ्या मते खरा धोका कठडा नसलेल्या विहिरीचा. एकदा व्ह्यूफाइंडरला डोळा लावून देवळाचा कळस चौकटीत बसावा म्हणून मागे मागे सरकत होतो. टाचेखालून खडा सुटला आणि तो पडल्याचा आवाज यायला वेळ लागला. वळून बॅटरी मारली तर दोन पावलांवर जुनी विहीर, कडेला नुसतं घाणेरीचं झुडूप. तेव्हापासून नियम एकच. जागा दिवसाउजेडी पायांनी फिरून बघितलेली असेल तरच रात्री तिथे उभं राहायचं, आणि मागे सरकायचं नाही. वळायचं, बघायचं, मग चालायचं.

साप म्हणाल तर नाग, घोणस, मण्यार, फुरसं, चारही या भागात आहेत. फुरसं दगडाखाली असतं, म्हणून फोटोसाठी दगड उचलू नका. घोट्याच्या वर जाणारे बूट घाला, बॅगेची चेन बंद ठेवा, उपडे करून झटकल्याशिवाय बुटात पाय घालू नका. दंश झालाच तर कापाकापी नाही, आवळून बांधणं नाही, हालचाल कमीत कमी आणि १०८ ला फोन करून थेट दवाखाना. एकटं जाऊ नका.

परवानगी लागते का?

गायरान असो, कुणाचं पडीक असो, विचारायचं. पोलीस पाटलांना आणि जवळच्या वस्तीवर दिवसाच सांगून ठेवा: किती जण, कुठली गाडी, कधीपर्यंत. शेतीपंपाची लाईट बऱ्याचदा रात्रपाळीची असते, माणसं बारा-एकला पाणी धरायला शेतात असतात. त्यांना माळावर अनोळखी बॅटरी हलताना दिसली तर चोर वाटणं साहजिक आहे. ड्रोन तर रात्री अजिबात नको.

आणि दाखवा त्यांना. एका आजोबांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर आकाशगंगा दाखवली तर म्हणाले, ‘ह्यो तर आमचा रोजचाच पट्टा, पण ह्यात लाल कुठनं आलं?’ लाल म्हणजे वायूचे ढग, आपल्या डोळ्याला अंधारात रंग कळत नाहीत म्हणून दिसत नाहीत, हे सांगता सांगता पहाट झाली.

पवनचक्क्यांचे लाल दिवे आणि गावातला हायमास्ट, यांचं काय करायचं?

ढालगावकडे किंवा चाळकेवाडीकडे पवनचक्क्यांवर लाल दिवे लुकलुकतात. ते टाळता येत नाहीत. एखादी पवनचक्की मुद्दाम चौकटीत घ्या, उरलेल्या टेकाडाआड ठेवा.

हायमास्टचं मात्र मला लागतं. गावात उजेड हवाच, बायका-पोरांना रात्री निर्धास्त चालता यायला हवं. पण पांढऱ्याफेक दिव्याचं तोंड आकाशाकडे कशासाठी? वरून झाकण असलेला, खाली रस्त्यावर पडणारा, पिवळसर दिवा कमी विजेत तेच काम करतो. आमच्या आजोळच्या वाडीत देवळासमोरच्या दिव्याचं तोंड खाली करून घ्यायला दोन वर्षं विनवण्या केल्या. केलं एकदाचं. अंगणातून अनुराधा नक्षत्र पुन्हा दिसायला लागलं.

धूळ, दव, गरमी?

माळावर लेन्स बदलू नका, गाडीत बसून बदला. माणमध्ये दव कमी, पण तलावाजवळ थंडीत काच ओली होते. तेव्हा लेन्सभोवती सुती मोजा गुंडाळून त्यात हात ऊबदार ठेवायची पुडी सरकवा. मेमध्ये सेन्सर तापतो, फोटोत लाल-निळे ठिपके येतात. शेवटी झाकण लावून त्याच सेटिंगवर दहा काळे फोटो काढा, जोडताना ते ठिपके वजा होतात.

एडिटिंग किती करावं?

सिक्वेटर किंवा सिरिल मोफत आहेत, फोटो जोडायला पुरतात. उपग्रहांच्या रेषाही जोडताना बऱ्याचशा निघून जातात. मी रंग आणि उठाव थोडा वाढवतो. जमीन वेगळ्या वेळी काढली असेल तर फोटोखाली तसं लिहितो. पण उत्तरेच्या डोंगरावर दक्षिणेची आकाशगंगा आणून बसवणं मला मान्य नाही. ज्या माळावरच्या माणसांना दिशा ताऱ्यांवरून कळतात, त्यांना तो खोटेपणा एका नजरेत दिसतो.

लांबून आलो आणि ढग आले तर?

थांबा. इथले ढग बऱ्याचदा एक-दोनच्या पुढे विरतात. गाडीचे दिवे बंद ठेवा, मोबाईल उलटा ठेवा, डोळ्यांना वीस-तीस मिनिटं द्या. थर्मासमध्ये चहा आणि फडक्यात भाकरी-ठेचा असू द्या. गेल्या फेब्रुवारीत साडेचारपर्यंत काहीच नव्हतं. मग आग्नेयेला वितभर फट पडली, तीत आधी ज्येष्ठा लालसर दिसली आणि पाठोपाठ मूळ नक्षत्र. पंचवीस मिनिटं मिळाली. सात फोटो काढले, कोंबडा आरवला, आणि शेजारच्या रानात कुणीतरी मोटर चालू केली.